पाच ठिपके

"लीले, एवढी मूठ नीट करून दे. दोरा सुटलाय," असं म्हणत शिधयेकाकूंनी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बॅट माझ्या बाकावर ठेवली.

पौष महिना होता. सकाळचं ऊन कारखान्याच्या दारातून आत आलं होतं आणि काकू त्या उन्हातच उभ्या होत्या. मी स्टूल पुढे केलं, तरी बसल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. आनंद म्हणवत नाही, पण त्याच्या जवळचं काहीतरी.

"कुणाची हो?"

"पदूची."

माझा हात लुगड्याच्या गाठीवरच थांबला.

काकूंचा मुलगा पद्माकर शिधये जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. सहासष्ट सालच्या श्रावणात कृष्णा दुथडी भरून वाहत असताना तो संध्याकाळी बॅट काखेत घेऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसलेला काही लोकांनी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी चिखलात एक चप्पल मिळाली. बाकी काही मिळालं नाही. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आमचा बॅटींचा कारखाना तेव्हा सांगलीच्या खणभागात होता आणि शिधयेमास्तरांचं घर पलीकडच्याच गल्लीत. आठवडाभर नावाडी गळ टाकत होते, ते मला अजून दिसतं.

"माझ्या बहिणीचा मुलगा रेल्वेकडून खेळतो ना, तो हुबळीला गेला होता सामन्याला," काकू सांगू लागल्या. "तिथल्या क्लबात जुन्या सामानाच्या ढिगात दिसली म्हणे, घेऊन आला. मागं बघ, नाव आहे."

मी गाठ सोडून बॅट उलटी केली. पात्याच्या पाठीवर तापलेल्या तारेनं अक्षरं कोरली होती: प. भा. शिधये. 'ध'चा गोल अर्धवट उघडा. अशी नावं कोरून घ्यायला खणभागातली निम्मी मुलं पदूकडे जायची.

"चोरीला गेली असणार त्या दिवशी घाटावरनं," काकू म्हणाल्या. "कुणी नेली, कुठं विकली, देव जाणे. पण फिरून आली बघ. आता त्याच्या फोटोपाशी ठेवते. तुझ्या दादांच्या हातची आहे, म्हटलं मूठही इथंच बांधून घ्यावी."

दादांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, हातची होती, यात शंकाच नव्हती. दादांना जाऊन तीन वर्षं झाली होती. मी आणि दोन जुने कारागीर मिळून कारखाना चालवत होतो. आमची कुठलीही जुनी बॅट माझ्यासमोर धरा, मी साल सांगत असे. लोक मुद्दाम परीक्षा घ्यायला यायचे, आणि मलाही ते आवडायचं. त्यात जादू काही नव्हती. दादा प्रत्येक बॅटच्या खांद्यावर तापवलेला शिक्का उमटवत. सुरुवातीचा शिक्का गोल होता, 'पांचाळ, सांगली' एवढंच लिहिलेला. एकोणसत्तर साली कारखाना मिरज रस्त्यावर आला, तेव्हा त्यांनी नवा चौकोनी शिक्का करवून घेतला. त्या वर्षापासून दरवर्षी लाकडाचा नवा माल आला की शिक्क्याखाली एक ठिपका वाढायचा. एखाद्या बॅटची तक्रार आलीच, तर लाकूड कुठल्या सालचं ते कळावं म्हणून.

मी खांद्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली. शिक्का चौकोनी होता आणि खाली पाच ठिपके होते.

पाच ठिपके म्हणजे त्र्याहत्तर. मी पुन्हा मोजले. नखानं एकेक चाचपून मोजले.

"काय गं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. परवा या, काकू. दोरा नवीनच घालावा लागेल."

त्या गेल्यावर मी ती बॅट घेऊन किती वेळ बसले होते कोण जाणे. एका कारागिरानं दोनदा हाक मारली, तेव्हा भानावर आले. बॅट पदू गेल्यानंतर सात वर्षांनी बनलेली होती आणि नाव त्याच्या हातचं होतं. दुसरा अर्थ लावून पाहिला. कुणी नक्कल केली असेल, म्हटलं. पण सांगलीतल्या बुडालेल्या मुलाच्या नावाची नक्कल हुबळीत कोण कशाला करेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर आले.

शिधयेमास्तर कारखान्यात कधी येत नसत. गणिताचे शिक्षक, बोर्डाचे परीक्षक, सांगलीत ज्यांचा शब्द खोटा पडत नाही अशा चारदोन माणसांपैकी एक. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी कोटाची बटणं वरपर्यंत लावलेली असत. दारात चपला काढून ते आत आले.

"बॅट इथं आहे ना?"

"हो मास्तर."

"तीच आहे का? जुनी?"

मास्तरांपुढे खोटं बोलायची मला लहानपणापासून सवय नव्हती. "नाही," मी म्हणाले, "त्र्याहत्तरची आहे."

त्यांनी कसं, कशावरून, काही विचारलं नाही. हळूच स्टुलावर बसले आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून जमिनीवरच्या लाकडाच्या सालपटांकडे बघत राहिले. मीच मग शिक्का दाखवला, ठिपके दाखवले. त्यांनी मान हलवली. एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर आल्यावर हलवतात तशी.

"तिला सांगितलंस?"

"अजून नाही."

"सांगू नकोस."

"पण मास्तर, पदू जिवंत असेल तर?"

"लीला, तिचं वय झालंय. सतरा वर्षांपूर्वी तिनं कसे दिवस काढले ते तू पाहिलंयस. आता कुठे झोप लागते तिला. तू ते ठिपके पॉलिशपेपरनं घासून टाक आणि दोरा गुंडाळून दे. एवढं कर माझ्यासाठी."

जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बायकोच्या काळजीनं सांगताहेत, असं मी समजले. मुलगा जिवंत असेल म्हटल्यावर हा बाप उठून हुबळीची गाडी का शोधत नाही, हा प्रश्न मला तेव्हा सुचायला हवा होता. सुचला नाही.

मी पॉलिशपेपर हातात घेतला होता, हेही सांगते. शिक्क्यावर टेकवलाही. पण तो दादांचा शिक्का होता, आणि दादांचा शिक्का मी घासून काढणार नव्हते. त्यात काकूंचा विचार किती होता आणि माझ्या कसबाचा ताठा किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी काकू आल्या. मी मूठ बांधून ठेवली होती. त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं.

त्या रडल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "दाखव."

मी ठिपके दाखवले. त्यांनी बोटानं मोजले.

"म्हणजे त्र्याहत्तर साली माझा पदू बॅट विकत घेत होता."

"तसंच दिसतंय."

"आणि आता?"

"ते नाही सांगता येत, काकू."

"हुबळीला गाडी कधी असते?"

"मास्तरांना विचारून..."

"ह्यांना मी सांगते बहिणीकडे मिरजेला जाते म्हणून. ह्यांना कळलं तर प्रकृतीला सोसायचं नाही." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तू येशील माझ्याबरोबर?"

दोघं एकमेकांना जपताहेत, असं मला वाटलं. मी हो म्हटलं.

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. बेळगावपर्यंत काकू बोलतच होत्या. पदू आता सदतीस वर्षांचा असेल. लग्न झालं असेल. रागावून गेला असेल, पण राग सतरा वर्षं टिकतो का? बापलेकांचं त्या संध्याकाळी काहीतरी बोलणं झालं होतं खरं, त्या स्वयंपाकघरात होत्या, नीट ऐकू आलं नाही. मुलं असतील तर काय बोलतील, मराठी की कानडी? पिशवीत त्यांनी बेसनाचे लाडू घेतले होते.

क्लबाचं मैदान रेल्वेच्या चाळींच्या मागे होतं. दुपारचे तीन वाजले असतील. मैदान सांभाळणारा इरप्पा नावाचा माणूस खेळपट्टीवर पाणी मारत होता. साठीचा, डोक्याला पंचा गुंडाळलेला. मी बॅट दाखवून विचारलं, ही कुणाची?

"ही तर सांगलीकर मास्तरांची की," तो म्हणाला. "तुमच्याकडं कशी आली?"

"सांगलीकर?"

"शिधये आडनाव. पण इथं समदी सांगलीकरच म्हणायची. रेल्वेच्या गोदामात कारकून होते आणि सांजच्याला पोरांना खेळ शिकवायचे. बॅट घ्यायची तर सांगलीचीच, शिक्का बघून. दुकानदार हसायचा त्यांना."

"कुठं राहतात?" काकूंनी विचारलं.

इरप्पानं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यानं नळी खाली ठेवली.

"गेले की ते. श्रावणात. कावीळ झाली होती. दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. मागं कोणी नव्हतं, तर क्लबातल्या पोरांनीच सगळं केलं. सामान वाटून टाकलं."

श्रावणात. म्हणजे पाच महिन्यांपूर्वी. काकू तिथंच, खेळपट्टीच्या कडेच्या गवतावर बसल्या. मी त्यांचा खांदा धरला, पण त्यांनी माझा हात बाजूला केला.

"कोणी नव्हतं कसं?" त्या म्हणाल्या. "आई होती ना त्याला."

"न्हाई बाई. आई वारली होती त्यांची. इथं आले त्याच वर्षी. लई मानायचे आईला. दरसाली पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला आमच्या मंडळींना सवाष्ण म्हणून जेवायला बोलवायचे. मी म्हणायचो, मास्तर, आम्ही तुमच्यातले न्हाई. तर म्हणायचे, इरप्पा, माझी आई असलं काही बघायची नाही. स्वतः रांधायचे."

"काय रांधायचा?"

"तांदळाची खीर. आणि भोपळ्याची भाजी. आमच्या मंडळींना दरसाली एक खण द्यायचे. सोळा-सतरा खण हायत घरात, तिनं शिवलेलं न्हाईत."

काकू ऐकत होत्या. त्यांच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. इरप्पाचं लक्ष आता तिकडे गेलं आणि तो बोलायचा थांबला.

"तुम्ही कोण त्यांच्या?" त्यानं विचारलं.

काकूंनी उलट विचारलं, "आई गेली हे त्याला कुणी सांगितलं?"

"वडलांचं पत्र आलं होतं की. जपून ठेवलं होतं. ट्रंक हाय माझ्याकडं, कापडं वाटली पण कागद ठेवले, म्हटलं कोणी आलंच तर."

त्याची खोली मैदानाच्या कोपऱ्यातच होती. पत्र्याची ट्रंक, तिच्यात गोदामाचे काही कागद, एक पंचांग आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं एक पत्र. घड्यांवर फाटत आलेलं, मागून खाकी कागदाच्या पट्ट्या चिकटवलेलं. काकूंनी ते दारातल्या उजेडात नेऊन वाचलं. मग माझ्या हातात दिलं.

मास्तरांचं अक्षर सांगलीतला कोणीही ओळखेल. फळ्यावर वाचून वाचून आम्ही मोठे झालो.

'चि. पद्माकर यास आशीर्वाद. तुझे कार्ड पोचले. तू गेल्याचा धक्का तुझ्या आईस सोसला नाही. ती भाद्रपदात वारली. घडल्या गोष्टीची वाच्यता मी केलेली नाही, करणारही नाही. आता इथे येण्यासारखे काही राहिलेले नाही. जेथे आहेस तेथे सचोटीने राहा. पत्र पाठवू नकोस.'

खाली तारीख होती, सहासष्ट सालच्या कार्तिकातली. त्या कार्तिकात काकू रोज घाटावर जाऊन बसत होत्या. मी शाळेत जाताना पाहायचे.

परतीच्या गाडीत काकू एकच वाक्य बोलल्या. कित्तूर मागे पडलं तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दर्भाचा पुतळा करून जाळलंय मी त्याला. आता आणखी काय करायचं असतं, ते मला माहीत नाही." लाडवांची पिशवी त्यांनी इरप्पाच्या बायकोकडेच ठेवली होती.

सांगलीत उतरल्यावर त्या घरी गेल्या नाहीत. माझ्याबरोबर आल्या आणि कारखान्यामागच्या माझ्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या. दुसऱ्या दिवशी मास्तर आले. मिरजेच्या बहिणीकडे चौकशी केली होती त्यांनी; काकू तिथं गेल्याच नाहीत म्हटल्यावर त्यांना सगळं कळलंच होतं. मी बाहेर जायला लागले, तर काकू म्हणाल्या, "तू थांब."

मास्तर उंबऱ्याशी उभे राहिले. त्यांनी काही लपवलं नाही. बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासायला घरी आल्या होत्या. पदूनं एका मित्राचे गुण वाढवले. मास्तरांच्या ते लक्षात आलं तेव्हा निकाल लागून गेलेला होता. "मी त्याला म्हटलं, तोंड दाखवू नकोस. एवढंच म्हटलं. बुडाला असं लोकच म्हणाले. मलाही तसंच वाटलं, तीन महिने. मग त्याचं कार्ड आलं."

"तेव्हा मला का नाही सांगितलं?"

"तो आला असता, तर का गेला होता ते विचारलं असतं सगळ्यांनी. तो खोटं बोलला नसता." मास्तरांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं. "बोर्डापर्यंत गेलं असतं. माझं नाव..."

"तुमचं नाव," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मग मी मेले असं का लिहिलंत?"

"तू आहेस म्हटल्यावर तो थांबला नसता."

पलीकडे कारागिराचा रंधा चालू होता, तो थांबला.

"त्याचं कार्ड कुठे आहे?"

"फाडलं. नदीत टाकलं."

"काय लिहिलं होतं त्यात?"

मास्तर म्हणाले, "मी खुशाल आहे, असं. नोकरी लागली, असं. चारच ओळी होत्या. आणि शेवटी, आईला सांगा..."

"काय सांगा?"

मास्तरांच्या ओठांची हालचाल झाली. पन्नास वर्षं ज्यांना आकडे, सूत्रं, मुलांच्या बापांची नावं तोंडपाठ होती, ते तिथं उभे राहून आठवत होते.

"आठवत नाही," ते म्हणाले.

काकू अकरा दिवस माझ्याकडे राहिल्या. मिळेल ते काम करायच्या, मुठींना दोरा गुंडाळायच्या. एकदा मी म्हटलं, "काकू, मी ठिपके घासून टाकायला हवे होते का?" त्यांनी दोऱ्याचा पीळ घट्ट केला आणि म्हणाल्या, "ते मला विचारू नकोस. मी काही उत्तर देईन आणि ते तुला जन्मभर पुरेल."

बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी लुगडं धुतलं, वाळत घातलं आणि ते वाळल्यावर नेसून निघाल्या. कुठे, म्हणून मी विचारलं.

"घरी."

मी दार अडवून उभी राहिले. राग मलाच जास्त आला होता. "त्या माणसाकडे? राहा ना इथंच. मी सांभाळते तुम्हाला, जन्मभर सांभाळते."

"लीले," त्यांनी माझा हात बाजूला केला, "माझ्या पदूचं पत्र वाचलेला एकच माणूस आहे जगात."

त्यानंतर मी त्या घरी जायचं टाळलं. दोन वर्षं झाली. मग कुणीतरी सांगितलं की मास्तर आजारी आहेत, अंथरुणावरच असतात. काकूंना मदत लागेल म्हणून एका दुपारी गेले.

दार लोटलेलंच होतं. मधल्या खोलीत मास्तर खाटेवर उशीला टेकून बसले होते, अगदी वाळलेले. काकू समोर पाटावर बसल्या होत्या. हातात काही काम नव्हतं. फोटो भिंतीवर नव्हता आणि बॅटही दिसली नाही. माझी चाहूल दोघांनाही लागली नाही.

मास्तर डोळे मिटून बोलत होते. सावकाश, थांबत थांबत, पाठांतर म्हणून दाखवावं तसं. "'इथे पाऊस कमी आहे. खोली दोघांत घेतली आहे. आईला सांगा, मी रोज जेवतो. आईला सांगा, इथल्या भाताला तिच्या हातची चव नाही. आईला सांगा, मागच्या दाराशी तिने लावलेली जाई...'"

मी तिथंच थबकले. पोस्टकार्डावर चार ओळी होत्या, असं ते माझ्या देखत म्हणाले होते. मी ऐकलं तेवढंच चार ओळींहून जास्त होतं, आणि आवाजावरून ते आज सुरू झालेलं नव्हतं. वर्षभर, कदाचित जास्तच, चालू असणार. शिधयांच्या मागच्या दाराशी जाई कधी नव्हती. तिथं न्हाणीघर होतं.

मास्तर अडखळले, थांबले. डोळे उघडून त्यांनी काकूंकडे पाहिलं. परीक्षेत एखादा मुलगा पर्यवेक्षकाकडे बघतो ना, तसं.

काकूंच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांनी पदर सारखा केला आणि पाट थोडा पुढे ओढला.

"पुढे?" त्या म्हणाल्या.